दहा चुका पाहिजेत

परळ, नर्सांचे वसतिगृह,
बुधवार दुपार, १९५८

तीर्थस्वरूप राधाआत्येस शेवंतीचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. दिवसभर खाटांवर वाकून कंबर धरली आहे.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, गाय आणि शेजारच्या रमाबाईशी चाललेला बांधाचा तंटा, सगळे ठीक असेलच. तुझे पत्र आठवड्यापूर्वी पोचले. पहिल्या चार ओळींत गाय व्याल्याचे कळले, आनंद झाला, बाकीचे सवडीने वाचायचे म्हणून उशीखाली ठेवले आहे.

इथे माझी टोपी धोक्यात आहे. वर्ष संपले की नर्सची पांढरी टोपी मिळते, आणि ती मिळाली नाही तर गाशा गुंडाळून गावी. तिथे बाबा ते कणकवलीचे स्थळ घेऊन बसलेलेच आहेत. तू एकटी त्यांच्याशी भांडलीस आणि 'पोर टोपी घालूनच येईल' असे छातीठोक सांगितलेस, म्हणजे टोपी निम्मी तुझीच. तर झाले असे, की आम्हाला शिकवणाऱ्या कांता सिस्टरनी प्रत्येकीला एक वही दिली. रोज ड्युटी संपली की तिच्यात लिहायचे: आज मी काय केले, मला काय वाटले, माझे कुठे चुकले. पुढच्या शनिवारी वही तपासणार आणि मग टोपीचे ठरणार. मी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे लिहिले, 'आज चूक झाली नाही.' त्याखाली लाल शाईत शेरा आला, 'ही पहिली.' दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतल्या चंपाची चूक उसनी घेतली. तिने लिहिले होते, 'एनिमा देताना मला रडू आले.' मीही तेच लिहिले. पण त्या दिवशी मी सबंध वेळ चादरी मोजत होते, हे सिस्टरच्या लक्षात आले. (चंपा का रडली ते मी विचारले नाही. वेळच नव्हता.)

शेवटी सिस्टर म्हणाल्या, स्वतःला दिसत नसेल तर पेशंटना विचार. आता आमच्या बायकांच्या वॉर्डात सात नंबरला आहे सुंदराबाई. करी रोडच्या चाळीत राहते, गिरणीत कामाला जाते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा देता देता गटारात पाय जाऊन तो मोडून घेतला आहे. तिला मी हळूच विचारले, "माझं काही चुकतं का हो?" तिने लगेच खाटेवर उठून बसून जाहीर केले, "बायांनो, सभा!" अगं, आज जेवणाच्या वेळी खरोखरच सभा भरली. अध्यक्ष सुंदराबाई, अनुमोदन पित्ताशयवाली गंगुबाई, आणि कढी-भात गार होईपर्यंत ठराव. ठराव पहिला: तोंडात थर्मामीटर ठेवून प्रश्न विचारू नयेत, आणि विचारलेच तर उत्तर आले नाही म्हणून रागावू नये. ठराव दुसरा: बायांना नंबराने नव्हे, नावाने हाक मारावी. प्रत्येक ठरावाला सगळ्या वॉर्डाने "झालाच पाहिजे!" अशी आरोळी ठोकली. बाहेरून वॉर्डबॉय धावत आला, त्याला वाटले संप झाला.

मला सांग, तीस खाटा आणि तीस नावे, लक्षात कोण ठेवणार? नंबर कसा, पेशंट बदलला तरी तोच राहतो! आणि प्रश्न मी मायेपोटीच विचारते. आज सकाळचेच बघ. चौदा नंबरला काल संध्याकाळी एक बाई आली आहे, दाढेचे गळू फोडलेली, तोंडात कापूस, डोळ्यांपर्यंत पट्ट्या. तिला म्हटले, "गाव कुठलं? घरचं कुणी नाही का तुमचं? एकटीला कसं पाठवलं?" तर उत्तर नाही, नुसते हूं हूं करून माझा हात घट्ट धरून ठेवला. चांगली रागावले मी. आणि ठरावाच्या वेळी हिने दोन्ही हात वर केले! इतके प्रेम करून लोक असे वागतात.

थोरांना नमस्कार, वासराला गोंजारणे.

तुझी लाडकी,
शेवंती

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. ठरावातले दोन्ही मुद्दे मला पटत नसल्यामुळे वहीत घालता येत नाहीत. तू मला पाळण्यापासून ओळखतेस. उलट टपाली माझ्या दहा चुका पाठव. बेताच्या असाव्यात.

ता. क. २. पाकीट चिकटवायला खळ शोधताना उशी उचलली आणि तुझे पत्र पुरते वाचले. दाढ सुजली आहे, मंगळवारच्या बोटीने येते आहे, भाऊच्या धक्क्यावर घ्यायला ये, तू नाही दिसलीस तर सरळ तुझ्याच इस्पितळात येईन, असे त्यात आहे. आत्या, काल मंगळवार होता.

ता. क. ३. वॉर्डात धावत आले आणि चौदा नंबरवरची पाटी पहिल्यांदा वाचली. तुझा डोळा लागला आहे. मला फार रडू येते आहे, चंपाचे उसने नव्हे. हे पत्र तुझ्या उशाशी ठेवते, सोबत वही आणि पेन्सिलही. दहाची अट मी मागे घेतली आहे. जाग आली की बोलू नकोस, लिही. मी स्टुलावर बसले आहे, गप्प.