डाव्या छातीपाशी ओल

१३ मार्च २०१६, रविवार. अप्पर हट, न्यूझीलंड

चहाच्या वेळी जावयाने जाहीर केलं. पाडव्याच्या शुक्रवारी डोंगरात जाणार, हरणाच्या शिकारीला. ऑफिसातला ग्रॅहम नेणार. दोन रात्री वर झोपडीत मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. बंदूक ग्रॅहमची. निखिलकडे परवाना नाही, त्यामुळे ग्रॅहम शेजारी असेल तेव्हाच हात लावायचा म्हणे.

आमची लेक केतकी टोस्टला लोणी लावत राहिली. तिला आधीच माहीत होतं. म्हणजे ठरायचं ते ठरून गेलंय, आम्हाला फक्त कळवलं.

निखिल वेलिंग्टनला सरकारी खात्यात कॉम्प्युटरवर काम करतो. आजवर मारलेला सर्वांत मोठा प्राणी झुरळ, तेही लेक ओरडली म्हणून. याला एकाएकी हरीण कशाला हवं? घरात काही बिनसलंय का? दोघं बोलतात नीट. फारच नीट बोलतात. लक्ष ठेवावं.

१६ मार्च, बुध.

ग्रॅहम निखिलला स्टेशनवरून घरी सोडायला आला. एवढ्या गार वाऱ्यात पायात जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला. "किया ओरा", इथला नमस्कार, म्हणून हात दाबला. फार मोकळा माणूस. विम्याच्या नोकरीत मला फार मोकळ्या माणसांनीच फसवायला पाहिलं. गोदाम जळालं की सर्वांत आधी चहा तेच मागवायचे.

मी विचारलं, गोळी चुकून लागण्याची भीती किती? तर म्हणाला, त्याची काळजी आम्ही घेतो, पण या डोंगरात खरा घात पाऊस करतो. माणूस भिजला आणि वर वारा लागला की अंगातली ऊब जाते. मग डोकं चालत नाही. जरा बसतो म्हणतो आणि उठत नाही. "सो गेट हिम अ डीसेंट कोट." निखिल हसून म्हणाला, "स्वीट ॲज." इथल्या भाषेत, चालेल.

सौ.ला इंग्रजी कळत नाही असं ती म्हणते. भाजी चिरणारा हात मात्र थांबला होता.

१९ मार्च, शनि.

कोट शोधायला गेलो, मी आणि निखिल. घराचे हप्ते चालू आहेत, तेव्हा परवडेल असाच घ्यायचा. मी म्हटलं, मी येतो. आयुष्यभर दुसऱ्याचा माल तपासला, एकदा आपल्या घरचा तपासू.

पहिलं दुकान शेतकऱ्यांचं. जाड रबरी कोट, गायवाले घालतात तसला. स्वस्त आणि दणकट, पाणी शिरायची सोय नाही. मला पसंत. निखिलने हात वर केला तर कुरमुऱ्याची पिशवी उघडल्यागत आवाज. "बाबा, हरीण पलीकडच्या डोंगरावरून पळेल." आणि आत घाम सुटून आतूनच भिजतो म्हणे.

दुसरं दुकान डोंगरवाल्यांचं. महागातल्या कोटांकडे नुसतं बघून पुढे झालो. मधल्या दांडीवर हिरवट रंगाचा, मऊ कापडाचा, आवाज न करणारा. वर सेलची लाल पाटी. जानेवारीत भारतातून आलो तेव्हाही सेलच होता. या देशात पूर्ण किमतीला कोण घेतं ते एकदा बघायचंय.

चिठ्ठीवर लिहिलेलं, दहा हजार मिलिमीटर. दुकानातल्या बाईला विचारलं, हा चेरापुंजीचा वर्षाचा पाऊस एका कोटात कसा अडवणार? ती म्हणाली तसा अर्थ नसतो, तो पाण्याच्या दाबाचा आकडा. बरं. वर म्हणाली कोट श्वास घेतो, घामाची वाफ बाहेर जाते. मी म्हटलं, बाहेर जायला वाट आहे तर आत यायलाही असणार. ती हसली.

शिवणी उलट्या करून पाहिल्या. सगळ्यांवर आतून पट्टी बसवलेली. घेतला एकदाचा.

२० मार्च, रवि.

मागच्या लॉनवर चाचणी. कोट मी घातला, आत नुसता पांढरा बनियन. निखिलला म्हटलं, धर नळी. त्याला सासऱ्यावर पाणी मारायला संकोच. मग संकोच गेला. शेजारचा कुंपणावरून बघत होता. केतकी आतून, "बाबा, लोक काय म्हणतील!"

बनियन कोरडा. ठीक. पण एका तपासणीवर मी कधी रिपोर्ट लिहिला नाही. आठवड्याने परत.

२३ मार्च, बुध.

सौ.ने सुईत दोरा ओवून मागितला. तिला आता जवळचं दिसत नाही. हिरवा दोरा. केतकीच्या ड्रेसची हेम उसवलीय म्हणाली. ओवून दिला.

केतकी आणि निखिल गॅरेजमध्ये बराच वेळ हळू आवाजात. मी गेलो तर दोघं गप्प. केतकी म्हणाली, "काही नाही, रिसायकलिंगचं." त्याला एवढं हळू कशाला?

२७ मार्च, रवि. (ईस्टर)

दुसरी चाचणी. नापास.

डाव्या छातीपाशी रुपयाएवढी ओल. आणि ओल पिवळी. माझा पांढरा बनियन पिवळा झाला. म्हणजे पाणी तर शिरलंच, वर कापडाचा रंगही कच्चा. पहिल्या वेळी कोरडा निघाला तो नवेपणाचा तजेला, दुसरं काय. अशीच वस्तू डोंगरात फसवते, जिथून परत करायला जाता येत नाही.

निखिलने कोट हातात घेऊन आतून चाचपला. मी म्हटलं, उद्या बदलायचा. तर म्हणतो, "राहू द्या ना बाबा, एवढंसं तर आहे." एवढंसं! ग्रॅहमचं बोलणं हा विसरला की काय?

२८ मार्च, सोम.

बनियन पुरावा म्हणून सोबत नेला. दुकानातल्या बाईला सगळं तावातावाने सांगितलं. निखिल तंबूंच्या कप्प्याकडे जाऊन उभा राहिला, ओळख नसल्यासारखा. बाईने कोट उलगडूनही पाहिला नाही. सॉरी म्हणाली आणि दुसरा नवा दिला.

इतक्या सहज? यांना आधीपासून माहीत असणार. सगळा माल असाच आलेला असणार.

घरी सांगितलं तर सौ.चा चेहरा पडला. "तो कोट देऊन टाकलात?" म्हटलं, बदलून आणला, नुकसान नाही. तिने वाढलंही नाही धड. मुद्दाम विचारलं, काय झालं? "काही नाही." या घरात हल्ली सगळ्यांचं काही नाही.

२ एप्रिल, शनि.

नव्या कोटाची चाचणी. कोरडा. शेजाऱ्याने हात केला. त्याला वाटत असेल आमच्याकडे शनिवार-रविवारी आंघोळीची हीच पद्धत.

३ एप्रिल, रवि.

सौ.ला पुन्हा सुई ओवून दिली. हेम पुन्हा उसवली म्हणे. इथले कपडेही तसलेच.

६ एप्रिल, बुध.

दुपारी घरी दोघेच. सौ. झोपली होती. बनियनवर कोट चढवून एकटाच नळीखाली उभा राहिलो.

डाव्या छातीपाशी. पिवळी ओल. तिथेच.

बराच वेळ ओल्या कोटात लॉनवर उभा होतो. दोन वेगळे कोट, एकच जागा. दुकानातून आणले तेव्हा दोन्ही कोरडे. या घरात राहिल्यावर दोन्ही गळले. कोर्टात उभं केलं तरी मी हेच सांगेन: दुकानाचा दोष नाही, आतलंच काम आहे.

कोणाचं? लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. आधी केतकीचं नाव डोक्यात आलं. त्याने जाऊ नये म्हणून केलं असेल. का त्यालाच जायचं नाही आणि ग्रॅहमला नाही म्हणता येत नाही? स्वतःच्या लेकीवर संशय घ्यायचा नव्हता. तरी घेतला.

मग आतला खिसा चाचपला. खिशाखाली काहीतरी बारीक, चण्याएवढं. चष्मा लावला. हिरव्या कापडावर हिरव्या दोऱ्याचे टाके, इतके बारीक आणि एकसारखे की शोधल्याशिवाय दिसू नयेत. हे टाके मी ओळखतो. माझ्या सदऱ्यांची बटणं आजवर त्यांच्यावरच टिकली. दोन टाके उसवले तर कापडाची पुरचुंडी, आत जेजुरीचा भंडारा. विमानतळावर हळद म्हणून दाखवला होता तोच. सुई आरपार गेलेली. प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक भोक.

आणि सुई दोन्ही वेळा मी ओवून दिली.

७ एप्रिल, गुरु.

सौ.ला विचारलं. वाटलं रडेल. उलट मलाच धारेवर धरलं. "पहिली पुडी तुम्ही दुकानात देऊन आलात. देवाचा भंडारा. मला एका शब्दाने विचारलंत?"

म्हटलं, अगं पाणी शिरतं त्यातून.

"बाकी सगळा कोट आहे की पाण्याला."

म्हटलं खिशात ठेवायची, बॅगेत ठेवायची. तर म्हणाली, खिशातलं पडतं, बॅग माणूस खाली ठेवतो. अंगावरचं अंगावर राहतं. "तुम्ही ते 'जरा बसतो म्हणतो आणि उठत नाही' ऐकलंत ना? मला त्या दिवसापासून झोप नाही." तिला इंग्रजी कळत नाही!

संध्याकाळी निखिल गाडीतून उतरल्याबरोबर त्याला बाजूला घेतलं, सगळं सांगितलं. म्हटलं, काढून टाकू, भोकं बुजवू. तो खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा. पहिल्या कोटातलीही हाताला लागली होती."

मग दुकानात मला बोलू का दिलंस?

"तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. आणि सांगितलं असतं तर तुम्ही आईंना बोलला असता." मग म्हणाला, "माझी आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं. राहू द्या ती पुडी. मी ग्लू आणतो."

त्याची आई तो इथे शिकायला आला त्याच वर्षी गेली. हे मला माहीत होतं. लग्नाच्या बोलण्यात मीच चौकशी केली होती, मुलाच्या घरी कोण कोण, मागे काय जबाबदाऱ्या. माहिती म्हणून ऐकलं होतं, तेवढंच. आज त्याच्याकडे बघून फार वाईट वाटलं.

आणि गॅरेजमधलं कुजबुजणंही कळलं. आमची भारतात परतायची तारीख पुढे ढकलता येईल का, यावर चाललं होतं दोघांचं.

८ एप्रिल, शुक्र. पाडवा

पडद्याच्या दांडीची गुढी केली, बाल्कनीच्या कठड्याला बांधली. ग्रॅहम न्यायला आला तेव्हा विचारत होता, हा तांब्या उलटा का. निखिलने सांगितलं. त्याला श्रीखंड दिलं. "हीप्स गुड," म्हणाला आणि वाटी पुन्हा पुढे केली. माणूस बरा वाटतो. बघू.

ग्लू सकाळी लावला, एकेका टाक्यावर आतून-बाहेरून, मी स्वतः. पुडी जागेवरच. ट्यूबवर लिहिलंय, रात्रभर वाळू द्यावा. रात्र कुठे होती? निखिल काल दुकानात पोचला तेव्हा ते बंद, आज उघडताच आणून दिला आणि ऑफिसला गेला. दुपारी अर्ध्या दिवसाची रजा काढून आला आणि निघाले दोघं. नळीखाली धरायला वेळ मिळाला नाही.

सौ.ने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ग्रॅहमच्याही. केतकी गाडी वळेपर्यंत हात हलवत होती.

९ एप्रिल, शनि.

दुपारपासून पाऊस. वारा दक्षिणेकडचा, म्हणजे गार. डोंगर दिसतच नाहीत. तिथे फोन लागत नाही.

१० एप्रिल, रवि.

पाऊस थांबलेला नाही. पाचपर्यंत येणार होते. सहा वाजून गेले.

ग्रॅहमच्या बायकोचा फोन आला. म्हणाली नदीला पाणी असेल तर ते ओलांडणार नाहीत, झोपडीत बसून राहतील, ग्रॅहम असं नेहमी करतो. केतकीने ऐकून घेतलं, थँक यू म्हणाली आणि फोन ठेवून बाथरूममध्ये गेली. नळ सोडला, पण रडणं ऐकू आलं.

झोपडीत असतील तर चिंता नाही. झोपडीकडे येताना असतील तर? मी ग्रॅहमवर संशय घेऊन पाहिला, त्याच्या बायकोवर घेऊन पाहिला, हवामान सांगणाऱ्यावर घेऊन पाहिला. कशाचा उपयोग नाही. तो पोरगा यावा, एवढंच मनात आहे.

सौ. खिडकीपाशी बसली आहे. मघाशी मान न वळवता विचारलं, "अहो, तुमचा ग्लू नीट वाळला होता ना?"

"वाळला होता," म्हणालो.

बोट लावून पाहिलं नव्हतं मी.