गवताच्या गाठींतली सळई

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मला आत्ता लिहायची अक्कल सुचते आहे. हा कागद धाडायचा तरी कुठं? लढाईच्या वर्षांतले ते दिवाळीनंतरचे दिवस. आपलं गवत माथेरानच्या घोड्यांना जायचं. पायथ्याचं गवत कापायचं, वाळवायचं, लाकडी दाबात दाबून गाठी बांधायच्या आणि गोठ्याला लागून असलेल्या पडवीत आढ्यापर्यंत रचायच्या. त्या साली मधेच पाऊस शिंतडून गेला आणि थोडं गवत ओलसरच दाबलं गेलं. ओली गाठ आतल्या आत तापते, पेटतेसुद्धा, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणून तुम्ही राशीत मधोमध लोखंडी सळई खुपसलीत. रोज सकाळी ती उपसून हाताला कशी लागते ते सांगायचं, हे माझं काम. गार असली तर ठीक, तापली तर सगळी रास उतरवून गवत उन्हात पसरायचं.

पाव्हणे मला बघायला येणार होते, त्या सकाळी सळई तापलेली होती. हातात धरवेना, पदरानं धरली. रास उतरवायची म्हणजे घरातला एकूण एक हात लागणार, माझे हात गवतानं चिरणार आणि पाव्हणे आल्या पावली परत जाणार. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. तिसरा मला सोसवला नसता. मी सळई होती तशी परत खुपसली. तुम्ही दारात बिडी पेटवत विचारलंत, "कशी हाय गं?" "गार हाय," मी म्हटलं. "मंग जा, आंघोळ कर." दुपारी सोयरीक जमली. मला आनंद झाला होता बाबा, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी पडवी पेटली. आग गोठ्याला लागली तसे तुम्ही बैल सोडायला आत शिरलात. तांबडा सुटला, पांढऱ्याचं दावं काही सुटेना. त्याचं ओरडणं अजून ऐकू येतं मला. लोकांनी तुम्हाला ओढून बाहेर काढलं तेव्हा हातांची कातडी सोलली होती आणि तुम्ही एकच घोकत होतात, "माजी बिडी. माजीच बिडी पडली असंल." मी तुमचे हात केळीच्या पानावर ठेवले आणि खोबरेल लावलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लग्न झालं, पोरं झाली. तुम्ही बिडी सोडलीत, तांबडाही विकून टाकलात, पुन्हा बैल दावणीला बांधला नाहीत. आणि मी, चोर ती चोर वर शिरजोर, सासरी सांगायची की बिडी सुटली ते बरंच झालं.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी आले होते, पेज भरवत होते. तुम्ही आखडलेल्या बोटांनी माझं मनगट धरलंत. "तुजं लगीन तोंडावर असताना मी गोठा जाळला, पोरी. माफ कर मला." आई मागीलदारी होती, घरात तिसरं कोणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "केलं माफ, बाबा."