टोनचं बटण

मास्तर, तुम्ही गेल्याची तार मला मुंबईत मिळाली होती. रजा मिळाली असती, अमरावतीला यायला गाडीही होती. मी आलो नाही. खाली जाऊन चहा प्यायलो आणि पुन्हा कामाला लागलो. तुमच्यासाठी रडण्याइतका खोटा मी तेव्हा नव्हतो, आजही नाही. मग रात्री दात काढून वाटीत ठेवायच्या या वयात तुम्हाला लिहायला का बसलो? तर परवा ताईची नात आली होती. ती पुण्यात साउंड इंजिनीअरिंग शिकते. म्हणजे थंडगार खोलीत गुबगुबीत खुर्चीवर बसून ती आणि तिचे सोबती माउसने पडद्यावरची रेघ वरखाली करतात, आणि रेघ हलली की आपण आवाज घडवला असं समजतात. त्यांच्यातल्या एकाला भोंगा झाडावर बांधता यायचा नाही. तिनं मला कॉम्प्युटरवर कोणा माणसाचं बोलणं ऐकवलं आणि मग त्या रेघेचं उजवं टोक खाली ओढलं. आवाज होता तेवढाच राहिला, शब्द मात्र विरघळले. "बघा आजोबा, माणूस बोलतोय आणि काहीच कळत नाही," ती हसत म्हणाली. "तुमच्या वेळी असं करता यायचं?" मी नाही म्हणालो.

करता यायचं, आणि ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शाळेतली ड्रिलमास्तरकी सोडून तुम्ही लाउडस्पीकरचं दुकान काढलंत, पण माणसांना रांगेत उभं करायची खोड काही गेली नाही. दुकानात डाग द्यायच्या राळेचा वास, पाठीमागे भोंग्यांची उतरंड, आणि भिंतीवर तो फोटो. कुठल्याशा मोठ्या पुढाऱ्याची सभा, समोर तुमचा माइक, आणि कडेला तुमचं नुसतं कोपर. ते कोपर तुम्ही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचात. लोक तुमच्यासमोर वा वा म्हणायचे आणि बाहेर गेल्यावर हसायचे. तुम्हाला ते कळलं नाही, कारण तुम्ही सदान्‌कदा मांडीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसलेले. अँप्लिफायरचं मशीन गरम झालं, वायर तुटली, मंडपाला आग लागली असती तरी तुमची सुपारी थांबली नसती. कामं तोंडानं सांगायची, करायची दुसऱ्यानं. मी तुमच्याकडे आलो तेव्हा बाविशीचा होतो, वायरमनचं सर्टिफिकेट खिशात होतं, तरी पहिले चार महिने तुम्ही मला वायरी गुंडाळायला लावल्या. एकदा एका वायरला पीळ राहिला म्हणून भर बाजारात म्हणालात, "तुमच्या लोकाइले सर्टिफिकेट भेटलं, हात कधी भेटनार?" घरची मंडळी नव्यानं बौद्ध झालेली, ताठ मानेनं चालायला शिकत होती. मी मान खाली घालून वायर उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

पण शिकवलंत, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इतर दुकानदार माइकवर टिचकी मारून हॅलो हॅलो करायचे. तुम्ही तसं कधी केलं नाहीत. मला मैदानाच्या पार शेवटच्या झाडाखाली उभं करायचात आणि माइकवरून एकेक गाव म्हणायचात: शेगाव, चिखली, मोर्शी, चांदूर, परतवाडा. गाव कळलं की मी हात वर करायचा, नाही कळलं तर हात खाली. हात खाली राहिला की तुम्ही आवाज वाढवत नव्हता, मला परत बोलावून मशीनवरचं टोनचं बटण चढवायला सांगत होता. म्हणायचात, "वरडनं आनि समजनं वेगळं असते. श, च, त हे जिभेच्या टोकाचे अक्षर पोचले की मानूस समजते. बाकी नुसती घरघर." सगळे हात वर झाल्याशिवाय तुम्ही कुणाला बोलायला उभं राहू दिलं नाही. पुढे मी तीस वर्षं ज्या विद्येवर पोट भरलं, ती एवढीच. ती तुमच्यासारख्याकडून घ्यावी लागली याची चीड अजून जात नाही.

मला रेडिओत जायचं होतं. भोंगे, बस, धूळ आणि तुमची सुपारी यातून सुटायचं होतं. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि एखादी म्हातारी गात असेल तर तिचा श्वाससुद्धा नीट धरायचा, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तुमची तिथं एका इंजिनीअरशी ओळख होती. वर्षभर मी चिठ्ठी मागत होतो आणि वर्षभर तुम्ही बघू म्हणत होता. शेवटी त्या हिवाळ्यात म्हणालात, "अकोल्याचं काम होऊ दे, वापस आल्यावर लिहून देतो."

अकोल्याचं काम म्हणजे एका जिनातली, कापसाच्या जिनिंग कारखान्यातली सभा. जिनाच्या मालकाचं वर्षभराचं काम तुमच्याकडे, लग्नापासून पूजेपर्यंत. त्याच जिनात माझी थोरली बहीण रेच्यावर होती. रेचा म्हणजे सरकी वेगळी करायचं यंत्र. त्याच्या तोंडात बाया दिवसभर हातानं कापूस घालायच्या. नवरा गेल्यावर ती अकोल्याला गेली आणि तिच्या मजुरीतून माझं वायरमनचं शिक्षण झालं. तिची पोर दीड वर्षाची. ती आणि इतर बायांची लेकरं कापसाच्या ढिगाला लागूनच निजायची, त्यांच्या नाकातोंडात रुई जायची. बायांना आवारात एक छपरी हवी होती, लेकरं ठेवायला, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक म्हातारी. तक्रार वर गेली, म्हणून एक सरकारी साहेब येणार होते. मालकानं मोठ्या मनाचा आव आणून स्वतःच सभा बोलावली. मॅनेजरनं तोड काढली होती की छपरीऐवजी हंगामाच्या शेवटी प्रत्येक बाईला लुगडं द्यावं. दोन्ही बाजू बोलतील, मग बाया हात वर करतील, आणि साहेब लिहून नेतील.

आपण एसटीनं गेलो. भोंगे टपावर, मशीन माझ्या मांडीवर, तुम्ही खिडकीशी. आवारातल्या दोन निंबांना मी भोंगे बांधले. माल पडून आहे म्हणून रेच्यांची एक रांग चालूच ठेवली होती, तिची घरघर सगळीकडे भरलेली. तुम्ही गावांची नावं घेतलीत, मी पार फाटकापाशी उभा राहिलो, आणि मशीनपर्यंत खेपा घालून टोन चढवत गेल्यावर शेवटी माझा हात पाचही गावांना वर झाला. त्या घरघरीतही अक्षर न्‌ अक्षर कळत होतं. बाया जमल्या. पुष्कळशा आसपासच्या खेड्यांतून हंगामापुरत्या आलेल्या, ताईला न ओळखणाऱ्या. ताईच्या रांगेतल्या बायांनी बोलायला तिला पुढं केलं होतं. ती मशीनपाशी आली. घामेजली होती, पण मला पाहून तिचा चेहरा खुलला. "तू हायेस ना मशीनवर," ती म्हणाली, "मंग मले काय भेव."

आधी मॅनेजर बोलला. लुगड्याचा काठ, लुगड्याचा पोत, सगळं फाटकापर्यंत स्वच्छ पोचलं. मग तो स्टेजवरून उतरला, आपल्याकडे आला, तुमच्या कानाला लागला आणि निघून गेला. आवाज बंद करा असं तो म्हणाला नसणार. बंद केला असता तर बाया ओरडल्या असत्या, साहेबांनी मान वर केली असती. तेवढी अक्कल त्याच्यापाशीही होती. बाकीची तुमच्यापाशी होती. ताईनं माइक हातात घेतला आणि टोन पार खाली गेला.

मी स्टेजला लागूनच होतो, तिचा खरा आवाज मला ऐकू येत होता. ती चांगलं बोलली. "लुगडं वर्सभरात फाटते," ती म्हणाली. "लेकराच्या छातीत कापूस बसला त तो निंगत नाही. मले लुगडं नको, छपरी पायजे. तुमाले पायजे असन त हात वर करा." असं बोलायला ती कुठं शिकली होती कोण जाणे. पण भोंग्यातून बाहेर पडत होती ती नुसती घूं घूं, भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखी, आणि रेच्यांची घरघर ती गिळत होती. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी हसलं. ताईनं हात वर करा म्हटलं तेव्हा पुढच्या दोन रांगांतले तेवढे हात वर झाले. मागं शेकडो बाया मांडीवर हात ठेवून बसून होत्या. हात खाली राहणं म्हणजे काय, हे त्या आवारात दोनच माणसांना ठाऊक होतं, मास्तर. तुम्ही म्हणालात, "आपन आवाज देतो. समजनं ज्याचं त्याचं." असलं नीच वाक्य मी पुढं कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडूनही ऐकलं नाही, आणि मी पुष्कळ पुढारी रेकॉर्ड केले.

लुगड्याला हात वर झाले. साहेबांनी लिहून घेतलं, चहा घेतला, गेले. तुम्ही तिथंच पेटीवर बसून माझी चिठ्ठी लिहिलीत, अमरावती यायचीही वाट पाहिली नाहीत. वर पिशवीतून तुमचा तो काळा हेडफोन काढून दिलात आणि म्हणालात, "तुया कान चांगला हाये." वर्षभरात तुमच्या तोंडून निघालेला तेवढा एकच चांगला शब्द, आणि तोही त्या दिवशी.

संध्याकाळी मी ताईच्या खोलीवर गेलो. तिनं चहा टाकला. पोर खोकत होती, ती तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "खरं सांग, मले बोलता नाही आलं ना?" हेडफोन माझ्या पिशवीत, चिठ्ठी खिशात. मी म्हणालो, "माइक जवळ धरा लागते, ताई. तू लांब धरला." तिनं मान हलवली. शाळेत चूक दाखवल्यावर मूल हलवतं, तशी. त्यानंतर ती कधी कुठं बोलायला उभी राहिली नाही. विहारात कुणी म्हणालं, दोन शब्द बोला, तर हसून सांगायची की मले माइकवर नाही जमत, माया भावाले विचारा. ती हे पोरीला सांगत आली, पोर आपल्या पोरीला. त्यांच्या घरात तो थट्टेचा विषय आहे. भाऊ एवढा साउंडवाला आणि बहिणीला माइक धरता येत नाही.

परवा ती नात मला असंही विचारत होती की आजीचा आवाज कुठं रेकॉर्ड केलेला आहे का. तीस वर्षांत मी मंत्र्यांचे, गवयांचे, भजनवाल्यांचे, रडणाऱ्यांचे आणि उगाच खाकरणाऱ्यांचे आवाज धरले. ताईचा एक शब्द नाही. घरी रेकॉर्डिंगचं मशीन नेलं की ती उठून आत जायची.

तुमची गोष्ट मात्र मी खूप ठिकाणी सांगितली. रेडिओत नवे लोक यायचे त्यांना, नंतर शिकवायला जायचो तिथल्या पोरांना. एक मास्तर होते, त्यांनी भर सभेत एका गरीब बाईचे शब्द काढून घेतले, आवाज तसाच ठेवून. पोरं ऐकून तुम्हाला शिव्या द्यायची, मला बरं वाटायचं. ती बाई कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही. आता हा कागद कुठं पाठवायचा? तुमचा पत्ता नाही, आणि ताईच्या नातीला द्यावा तर माझी छाती होत नाही. तो त्या हेडफोनच्या डब्यात ठेवीन. तुमच्याबद्दल जे मनात होतं त्यातलं एक अक्षरही मागं घेत नाही. फक्त गोष्ट सांगताना मी नेहमी म्हणायचो, मास्तरांनी टोन उतरवला. तुम्ही नुसतं "उतरव" म्हणाला होता. अडकित्त्याला दोन हात लागतात, आणि तुमचे दोन्ही त्याच्यावर होते. बटणावर माझा होता.