उकळलेला नमुना

हबशीगुडा, हैदराबाद
१४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. अंबाडीचं लोणचं पोचलं. भावोजींचा गुडघा कसा आहे? आणि तुझ्या नातवाचा, लोहितचा खोकला?

खरं तर खोकल्याचंच लिहायचंय. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मार्चमध्ये त्याच्या नाकातल्या पेशी मी आमच्या प्रयोगशाळेत तपासल्या. फुफ्फुसांना लागणारं ते प्रोटीन त्याचं शरीर बनवतच नाही, असं मी सांगितलं. म्हणून डॉक्टरांनी नव्या औषधाच्या यादीतून त्याचं नाव काढलं. प्रोटीनच नाही, तर औषध सुधारणार काय? तू एवढंच विचारलंस, "तू स्वतः बघितलंस ना? मग झालं."

मी नमुना उकळला होता, अक्का.

इतर प्रोटीनं उकळूनच तपासतात; हाताला सवय असते. पण हे पेशीच्या पटलात बसणारं. उकळलं की त्याचा गोळा होतो, तपासणीच्या जेलीत ते शिरतच नाही, आणि पट्टी कोरी दिसते. विद्यार्थ्यांना हे मीच बजावते. परवा माझ्या विद्यार्थिनीने, कनकदुर्गाने माझी वही चाळली. "मॅडम, पंच्याण्णव डिग्री? प्रोटीन होतं की सांबारातली डाळ?" मी हसले नाही.

उरलेला नमुना न उकळता पुन्हा लावला. पट्टीवर खूण उमटली. प्रोटीन बनतं. फक्त त्याच्यावर साखरेचा पूर्ण थर चढत नाही. अर्धवट राहून ते पेशीच्या आतच अडकतं. औषध अशांसाठीच आहे.

आठ महिने गेले. एवढ्यात त्याचं फुफ्फुस किती खराब झालं, हे विचारायची मला भीती वाटते. औषध लागू पडेलच असंही नाही. तुला पुन्हा आशेला लावायची त्याहून जास्त भीती वाटते. मार्चमधली घाई लोहितसाठी होती, की उत्तर मीच आधी द्यावं म्हणून? प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

आज डॉक्टरांना चूक लेखी कळवली. त्यांचा फोन आला. म्हणाले, "यादी तीस तारखेला बंद होते. नवा नमुना हवा. तपासणी दुसरीकडे होईल, तुमच्याकडे नाही."

बरोबर आहे त्यांचं. एकवीस तारखेला सकाळी दहाची त्यांची वेळ घेतली आहे. माझ्या घरी उतरू नका हवं तर. मला उत्तरही देऊ नकोस. पण त्याला आण.

जिच्या शब्दावर तू थांबलीस, ती तुझी धाकटी,
हैमावती