एका वेळी एकच बदल

चि. भोंग्या यास,

आत्याचे भरपूर आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. आकाशातले आवाज त्या मोठ्या तबकड्यांना नीट ऐकू यावेत म्हणून तिथे डोंगरावर तुमचे सगळ्यांचे मोबाइल काढून घेतात, ही पद्धत मला फार पसंत पडली. (आपल्या जेवणाच्या टेबलावरही लागू करण्यासारखी आहे.) तुझा खोकला थांबला असेल असं धरून चालते, थांबला नसेल तर डॉक्टरकडे जा, मला लिहून उपयोग नाही. माझी तब्येत ठणठणीत. तुझ्या बापाचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तसा बापही कुरकुरतो, पण दोघंही कामापुरते चालतात. तुझी आई वेळेवर वाचनालयात जाते, वेळेवर परत येते आणि फाटकातून आत शिरताना, वर्षभर पुस्तक परत न करणाऱ्या सभासदाकडे बघावं तशी तुझ्या गाडीकडे बघते.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात पाच ओळी डोंगरावर, हवामानावर आणि खोकल्यावर होत्या आणि सहावीखाली दोन रेघा मारल्या होत्या: ‘आत्या, काहीही कर पण गाडी वाचव.’ हे लिहायला तुला उशीर झाला. तू गेल्यावर चौथ्याच दिवशी वहिनीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “वन्सं, तुम्ही एकतीस वर्षं वजनकाटे तपासलेत. या कार्ट्याने गाडीला जे जे डकवलंय ते काढा आणि तिला एकदा माणसात आणा. मग मी ती विकून मोकळी होते.” गिऱ्हाईकही तिने हेरून ठेवलं होतं: कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांना ती मुलीसाठी हवी होती. अटी दोनच, गाडीचा आवाज त्यांच्या दुकानापर्यंत ऐकू येता कामा नये आणि ती त्यांच्या गल्लीतल्या गतिरोधकावर पोट घासता कामा नये. मी वहिनीला हो म्हटलं. शब्द देताना तुझी आठवण झाली नाही असं नाही, पण त्याआधी मी अंगणात उभी राहून तुझी गाडी नीट पाहिली होती.

भोंग्या, गाडी वाईट नाही. लाल रंग मला आवडत नाही, तो माझा प्रश्न. दोन दारांची, बुटकी, चपळ गाडी, पहिल्यांदा हौस करणाऱ्याला शोभेलशी. पण तू तिला विकत घेतल्यापासून नवव्या दिवशी, एकाच शनिवार-रविवारात, पाच गोष्टी केल्यास: मोठा सायलेन्सर, पाठीवर ती फळी (तू स्पॉयलर म्हणतोस), कापून आखूड केलेल्या स्प्रिंगा, निळे दिवे, आणि गिअरच्या दांड्यावर कवटी. मग गाडी डावीकडे ओढू लागली, वळणावर किंचाळू लागली, आणि कशामुळे हे तुला सांगता येईना. येईल कसं? आमच्या कारखान्यात काटा चुकीचं वजन दाखवू लागला तर एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा तोलायचं, हा नियम होता. दोन स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला मी तपासणी खोलीच्या बाहेर उभं करत असे. (त्यातले एक गृहस्थ पुढे कारखान्याचे व्यवस्थापक झाले. तरीही माझं मत बदललेलं नाही.)

तेव्हा मी ठरवलं की काढायचं ते काढू, पण एकेक, आणि प्रत्येक गोष्टीने गाडीला काय होत होतं ते समजून घेऊन. वहिनीने फक्त काढायला सांगितलं होतं, समजून घ्यायला नाही. पण एकदा कुतूहल जागं झालं की मला चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं. तीनशे बारा पानं. ते तू उघडलेलंच नव्हतंस, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती. मग आपल्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, “बाई, संध्याकाळपर्यंत सगळं उतरवून देतो, चहा पिऊन या.” मी म्हटलं, चहा इथेच मागवा आणि रविवारी सकाळी सात वाजता पाने घेऊन मैदानावर या. हे मैदान म्हणजे गाडी शिकवणाऱ्या शाळेचं. रविवारी ते हौशी लोकांना भाड्याने देतात, शंकू मांडून वळणावळणांचा रस्ता आखतात आणि एका वेळी एकच गाडी सोडतात. मिस्त्री म्हणाले, “बाई, रविवार झोपेचा असतो हो.” मी म्हटलं, माझाही.

पहिल्या रविवारी माझ्याजवळ कारखान्याचं जुनं स्टॉपवॉच होतं, आरशाला ओळंबा बांधला होता आणि शेजारी तुझी आई होती, हातात रेघेपर्यंत पाण्याने भरलेला स्टीलचा पेला घेऊन. (पेला ठेवायला तुझ्या गाडीत जागा आहे, पण तिथे तू कवटीची पेटी ठेवली होतीस.) पाणी किती सांडतं त्यावरून गाडी किती धसमुसळी चालते ते कळतं. आईला मी एवढंच सांगितलं होतं की विकण्यापूर्वी तपासणी करावी लागते, आणि ते खोटं नव्हतं. गाडी होती तशी पळवली: एक मिनिट एक्केचाळीस सेकंद, अर्धा पेला आईच्या पदरात. मिस्त्रींनी तुझा सायलेन्सर उतरवून जुना चढवला: एक एक्केचाळीस. म्हणजे गल्लीतली दोन तान्ही बाळं आणि तुझा बाप रोज दचकून उठत होते, ते शून्य सेकंदांसाठी. फरक इतकाच पडला की आता गाडीत बोललेलं ऐकू यायला लागलं, आणि तुझी आई बोलू लागली. मग फळी काढली: एक चाळीस. तो एक सेकंद फळीचा नसून माझ्या सवयीचा असावा, असं मी वहीत लिहिलं आहे. फळी उतरवल्याचं आईला जरा वाईट वाटलं, कारण भाजीची पिशवी त्यावर ठेवून कुलूप उघडायला बरं पडायचं.

यानंतर जे कळलं ते तू तिथल्या भिंतीवर लिहून ठेव. चार टायरांत चार प्रकारची हवा होती. चार! दाराच्या चौकटीवर किती भरायची ते छापलेलं आहे, तिथे वाकून बघायला फुकट मिळतं. हवा सारखी केली: एक अडतीस. मग बैठक. तू गाडीत आरामखुर्चीत पडल्यासारखा बसतोस, हात ताणून, जणू स्टेअरिंग शेजाऱ्याचं आहे. पाठ सरळ केली, खुर्ची पुढे ओढली, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी: एक पस्तीस. एक छदाम खर्च न करता पाच सेकंद! मिस्त्रींची झोप त्या क्षणी उडाली. “बाई, आता स्प्रिंगा बघू या का?” असं ते आपणहून म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. घाई केली की गोंधळ होतो.

दुसऱ्या रविवारी कापलेल्या स्प्रिंगा निघाल्या. मिस्त्रींनी त्या माझ्या हातात दिल्या आणि कापलेल्या टोकावर बोट ठेवलं. तुला इतकंच सांगते, की पुन्हा स्प्रिंग कापलीस तर मी तुझ्या चपलांच्या टाचा कापीन आणि तू किती वेगाने पळतोस ते बघीन. मूळच्या मापाच्या बसवल्या, चाकं सरळ रेषेत आणून घेतली आणि डावीकडे ओढणं थांबलं: एक तेहतीस. ब्रेक ऑइल काढलं तर ते कडक चहाच्या रंगाचं निघालं. नवीन मधासारखं असतं, मी बाटली उन्हात धरून पाहिली. ते आणि ब्रेकचे पॅड बदलले (ही दोन कामं, पण एकाच यंत्रणेची, म्हणून एक धरली): एक एकतीस. आई या सगळ्यात शेजारून सूचना देत होती. “वन्सं, इतक्या लवकर ब्रेक का मारता?” “वन्सं, वळण संपायच्या आत पुढे बघा ना.” पेल्यातलं पाणी आता बोटभरच सांडत होतं. सायलेन्सर काढून मी एक मोठा धोका ओढवून घेतला होता हे माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या रविवारी टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावरून तुझ्या टायरांचा जन्म तू अकरावीत असतानाचा निघाला. वरून नक्षी शाबूत, आतून सुकलेल्या भाकरीसारखे कडक. वळणावर किंचाळायचे ते हे. चांगले, साधे, योग्य मापाचे चार नवे घातले. या वेळी पेला मी स्वतः धरला होता. (का, ते सांगीन.) घड्याळ दाबलं आणि माझा विश्वास बसेना: एक मिनिट चोवीस सेकंद. एका बदलात सात सेकंद! पाणी एक थेंबही सांडलं नाही. तेव्हा, भोंग्या, नवशिक्याने आधी हवा बघावी, मग बैठक, मग ब्रेक, आणि पैसे असतील तर सगळे टायरांत घालावेत. बाकीचं शोभेचं आहे. हे मी वहीत लाल शाईने लिहून खाली सही केली आहे.

आणि आता वाईट बातमी. गाडी इतकी सुधारली की औषधवाल्यांच्या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या झाल्या. ती वाचवायला मी हात घातला नव्हता, विकायलाच घातला होता. पण तीन रविवार तिच्याबरोबर काढल्यावर आता मला कसंसंच होतंय. दिलेला शब्द मी मोडत नाही. उद्या संध्याकाळी ते किल्ली घ्यायला येणार आहेत. तुला राग येईल. यावा. पण निळे दिवे आणि कवटी मी काढून ठेवली आहे, ती तुझीच.

तुझी,
आत्या

ता. क. सोबत एक कोरा कागद पाठवते आहे. (गाडी उद्या जाणार हे मला ठाऊक आहे, पण कागद हाताशी असलेला बरा.) त्यावर ‘माझी गाडी मैदानावरच्या नवशिक्यांच्या पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत चालवायला माझी परवानगी आहे’ असं लिहून सही कर आणि उलट टपाली पाठव. मालकाची सही लागते. चालकाच्या नावाची जागा मोकळी सोड, मी भरीन.

ता. क. २ (गुरुवार). औषधवाले काल संध्याकाळी येऊन गेले. गाडीभोवती फिरले, आवाज ऐकला, मान डोलावली आणि हात पुढे केला. तुझ्या आईने किल्ली पदराला बांधलेली होती. ती सोडायची म्हणून गाठ चाचपली, चाचपली, आणि मग म्हणाली, “राहू दे. मुलगा डोंगरावर आहे, त्याला न विचारता कसं द्यायचं?” तीन आठवडे हे तिला सुचलं नव्हतं. औषधवाले गेल्यावर मी विचारलं, वहिनी, हे काय? ती म्हणाली, काही नाही, कुकरची शिट्टी झाली वाटतं. कुकर लावलेलाच नव्हता.

ता. क. ३. हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून लिहिते. तिसऱ्या रविवारी गाडी मी चालवली नव्हती. तुझी आई म्हणाली, “पेला धरून धरून माझा हात भरून आलाय, आज तुम्ही धरा,” आणि सरळ चालकाच्या जागी जाऊन बसली. लग्नाआधी सहा वर्षं ती वाचनालयाची फिरती गाडी चालवत होती, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मागे उघडी कपाटं, त्यांत बाराशे पुस्तकं क्रमाने लावलेली, आणि रस्ते सगळे वळणांचे. एक पुस्तक पडलं की संध्याकाळी सगळी पुन्हा लावायची, म्हणून तिने एकही पडू न देता वळायला शिकून घेतलं. फेरी संपल्यावर मिस्त्री टोपी काढून उभे होते. माझ्यासाठी त्यांनी कधी काढली नाही.

तेव्हा सात सेकंद टायरांचे की वहिनीचे, हे मी सांगू शकत नाही. मी एकाच सकाळी दोन स्क्रू फिरवले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. लाल शाईतलं वाक्य खोडलं आहे, सहीसकट. आता नव्या टायरांवर मी स्वतः चालवून बघितलं तर उत्तर लगेच मिळेल, हे मला समजतं. पण किल्ली तुझ्या आईच्या पदराला आहे आणि ती दर वेळी कुकरचं निमित्त सांगते. तुला रजा मिळत असेल तर ये. गाडी वाचली आहे. ती तुला मिळेल की नाही, हे मात्र आता तुझं तू आईला विचार.

ता. क. ४ (पाकिटाच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात). राजा, पत्र टपालात टाकायला वन्संनी माझ्याकडे दिलंय. सही लवकर पाठव, नाव माझं घाल. आणि तुझा तो मोठा सायलेन्सर मिस्त्रींनी कुठे ठेवलाय ते त्यांना पत्राने विचार. विकू नका म्हणावं. त्याच्याशिवाय गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नाही. वन्संना यातलं काही लिहू नकोस. आई.