पांढऱ्या कॉलरवरचे पाच थेंब

प्रिय आई,

नमस्कार मान खाली घालूनच करते, कारण नाकातून रक्त येतं तेव्हा मान वर करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. घाबरू नकोस. शिवणाच्या कारखान्यात कापडाच्या धुळीने सारख्या शिंका यायच्या, म्हणून नाकात मारायचा स्प्रे दिलाय, त्याने आतून कोरडं पडतं. चूक माझीच, मी तो थेट मधल्या पडद्यावर मारत होते. आता उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारते, बाहेरच्या बाजूला.

रक्त आलं की दहा मिनिटं नाक चिमटीत धरून बसायचं. आमचा सुपरवायझर त्याला नाटकं म्हणतो. काल नाक वाहू लागलं, तर सगळ्यांसमोर खेकसला, "शिवण संपेपर्यंत उठायचं नाही!"

मग मी नाही उठले. मशीनवर त्याचाच पांढरा शर्ट होता. मालकाकडच्या जेवणाला घालायला तो माझ्याकडून गुपचूप शिवून घेत होता. पाच थेंब पडले, सगळे कॉलरवर.

मग आवाज खाली आणून विचारतो कसा, "डाग कशाने जाईल गं?"

रक्ताचा डाग गार पाण्याने जातो आणि गरम पाण्यात पक्का बसतो, हे तूच शिकवलंस. तुझी शपथ, सगळं आठवत होतं.

मी नाक धरून अगदी नम्रपणे सांगितलं, "उकळत्या पाण्यात घाला, साहेब."

बाबांचा खोकला थांबला का? त्यांना यातलं काही सांगू नकोस. उशीचा अभ्रा मात्र मी गार पाण्यातच धुते. रोज.

तुझी आज्ञाधारक,
धाकटी