बाजारात घेतलेले दोन अंगठे

६ जानेवारी १९५८, पौड
सनद मिळून पाच महिने. वाण्याच्या दुकानामागच्या खोलीवर पाटी लावली: 'मृत्युपत्राचे खास वकील'. या लाइनमध्ये तालुक्यात मी पहिलाच. दिवसभरात एकच माणूस आला. त्याला गूळ हवा होता.

९ जानेवारी
पहिला क्लायंट! माले गावचे गेणबा. विधवा बहीण रंभाबाई तीस वर्षं त्यांच्या घरी राबतेय. मुलगा जयसिंग पुढे तिला थारा देणार नाही, म्हणून स्वतः घेतलेला मळा आणि घर तिला द्यायचंय. 'माज्यामागं तिला कुनी हुसकाया नगं, येवडं बघा,' म्हणाले. मी म्हटलं, निर्धास्त मरा. शब्द जरा चुकला.

१२ जानेवारी
बाजार. दोन्ही साक्षीदार, कुशाबा आणि बहिरू, आयते भेटले. मसुद्यावर अंगठे घेऊन टाकले. कायद्याने गेणबांचा अंगठा आधी, तोही यांच्यादेखत. मग गेणबांसमोर यांचे. पण माणसं तीच, कागद तोच. एफिशियन्सी!

१४ जानेवारी
माल्याला जाऊन गेणबांचा अंगठा घेतला. रंभाबाईंनी आग्रहाने जेवू घातलं. घास उतरेना. वाटण भरड असावं.

२० जानेवारी
निश्चय: नवा कागद, सगळ्यांना समोरासमोर बसवून. उद्याच.

२ मार्च
गेणबा वारले. उद्या जाणारच होतो.

१८ नोव्हेंबर १९५९, पुणे
जयसिंगचा दावा. कुशाबाला शपथेवर विचारलं. म्हणाला, 'अंगठा पौडच्या बाजारात दिला. गेणबा तितं कुटं व्हता?' बहिरूही तेच म्हणाला. माणसं कोर्टात इतकं खरं बोलतात, हे लॉ कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. उठून 'चूक माझी' म्हणायला हवं होतं. लाज वाटली. शिवाय घसा बसला होता.

११ डिसेंबर
मृत्युपत्र रद्द. अपिलाचं बघू.

४ जानेवारी १९६०, पौड
रंभाबाई आल्या. दार लावून घेणार होतो, जमलं नाही. जयसिंगने बाहेर काढलंय. गावात एकाच्या गोठ्यात राहतात. एक शब्द बोलल्या नाहीत मला. उलट म्हणाल्या, 'तुमी लई धडपडलात. कुशाबा नि बहिरूच फितले. त्यांच्या दारात पाऊल न्हाई टाकायची आता.'
दोन शेळ्या आहेत, त्यांचं मृत्युपत्र करायचंय.
'या खेपेला साक्षीदार तेवडे इमानी बघा,' म्हणाल्या.
मी बरं म्हटलं.